पिवळ्या हार्वर्डचा फिरता पंखा

१२ जानेवारी २००३, रविवार. विरार.
घसा पार बसला. सभेत माईक दोनदा गेला, तिसऱ्यांदा मीच तो बाजूला सारला आणि तशीच बोलले. इराकवर पडायचा बॉम्ब आपल्याला विरारमध्ये का ऐकू यायला हवा, हा विषय. शेवट जमला. आधीची नुसती आदळआपट.
द. नेहमीसारखा शेवटच्या रांगेत, दारापाशी. तेहतीस वर्षांचा संसार, माझ्या एकाही सभेत हा नवरा पुढे येऊन बसलेला नाही. फिलिप म्हणतो, हवाई दलात उमेदीची वर्षं इंजिनं दुरुस्त केलेला माणूस युद्धविरोधी सभेत दारापाशीच बसणार. फिलिप आमच्या समितीचा चिटणीस. त्याला प्रत्येक खुर्चीत राजकारण दिसतं.
घरी आल्यावर द.ने मध घातलेलं गरम पाणी आणून दिलं. कप बशीवर वाजत होता. मी कप घेतला, बशी त्याच्याच हातात राहिली, तीही हलत होती.

१५ जाने., बुधवार
नायरचा फोन. द.चा नोकरीतला जोडीदार, हल्ली पुण्याला. द. उभ्यानेच बोलत राहिला. एवढं हिंदी एका दमात गेल्या वर्षभरात बोलला नसेल. फोन ठेवला तेव्हा कान लाल.
बातमी अशी. पुढच्या महिन्यात मुंबईच्या समुद्रावर विमानांच्या कसरती आहेत. त्यात एक जुनं हार्वर्ड उडणार. पिवळं, पंख्याचं. द. विशीत असताना ज्यांच्या पोटाखाली चटई टाकून झोपायचा, त्या जातीतलं. त्याच्या मागे डावी-उजवीकडे दोन किरण, ती जेट. तिघांची मिळून एक रचना. सरावाला उत्तरेकडून येणार, अर्नाळ्यासमोर समुद्रावर एकत्र जुळणार आणि कळंबवरून खाली मुंबईकडे. हे झालं की हार्वर्ड कायमचं संग्रहालयात. पुन्हा उडणार नाही.
"कळंबवरून गं! आपल्या बायच्या गच्चीसमोरून."
बाय त्याची थोरली बहीण. कळंबला वाडी आहे, किनाऱ्याला लागून दोन खोल्या सुट्टीवाल्यांना देते.
मग कपाटावरून कॅमेऱ्याची पेटी काढली. लांब भिंग चढवलं आणि खिडकीतून समोरच्या टाकीवरचा कावळा धरू गेला. मी ओट्यापाशी उभी होते. भिंगाचं टोक थरथरत होतं. डाव्या हाताने उजवं मनगट आवळलं. तरी तेच. कंपवात हा शब्द डॉक्टरांनी दिवाळीनंतर उच्चारला, आम्ही घरात अजून उच्चारलेला नाही.
पेटी बंद केली. "आवाज तर ऐकू येईल," म्हणाला.
जेवला नाही धड.

१८ जाने., शनि.
भांडण. नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझ्या सोयीने आठवेन.
तो: "तू काढशील?"
मी हसले. वाईट हसले. म्हटलं, ज्यांच्याविरुद्ध ओरडून घसा बसला, त्यांचेच फोटो काढू?
"हार्वर्डनं इथे कुणाला मारलं नाही. शिकवायचं विमान आहे ते."
"काय शिकवायचं?"
"मी बंदूक नाही चालवली. इंजिन पुसलं."
"पुसलेलं इंजिन पुढे कुठे गेलं, हे कधी विचारलंस?"
सभेत हे वाक्य टाकलं असतं तर टाळी पडली असती. घरात कुकरची शिटी झाली. तो उठून गॅलरीत गेला आणि तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घातलं.
वाक्य खरं आहे. मागे घेणार नाही. पण खरं वाक्य कुणाच्या अंगावर फेकलं हेही बघायचं असतं, असं मीच नव्या कार्यकर्त्यांना सांगते.

१९ जाने., रवि.
सकाळी म्हटलं, स्टँड लावून तूच काढ की. म्हणाला, स्टँडवर उभ्या विमानाचा फोटो निघतो. हे समोरून जाणार. कॅमेरा त्याच्याबरोबर वळला पाहिजे. आणि बटण दाबणारं बोट कुणाचं? माझंच ना?
"बरं. मग मला शिकव."
"मत बदललं?"
"मत बदललेलं नाही. शिकव."
दुपारी पहिला धडा. विषय, छताचा पंखा. प्रोपेलरलाही तो पंखाच म्हणतो. कॅमेऱ्यात रोल नव्हता. मागचं झाकण उघडून शटरच्या पडद्यातून वर बघायला लावलं. वेगाची चकती हजारावर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागावर, ठेवली की पाती जागच्या जागी थिजलेली, जणू लाइट गेली. एकशेपंचविसावर आणली की पाती पुसट, नुसतं फिरणं उरतं.
"जेट हजारावर काढ, काही बिघडत नाही. हार्वर्ड हजारावर काढलंस तर पंखा थांबलेला येईल. म्हणजे हवेत इंजिन बंद पडलेलं विमान. तसला फोटो घरात नको मला."
"मग एकशेपंचविसावर काढू."
"त्या वेगाला हात जरा हलला की सगळंच पुसट. म्हणून तर तू."
मग बराच वेळ बोलला. थंडीच्या दिवसांत हार्वर्ड सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवावा लागे. खालच्या सिलिंडरमध्ये उतरून बसलेलं तेल मोकळं व्हायला. एकेक पातं धरायचं, अंग टाकून ओढायचं, सोडायचं, पुढचं धरायचं. ते काम याचं. मग इंजिन धरायचं, खोकायचं, धूर ओकायचं.
"आणि पातं दिसेनासं झालं की आपलं काम झालं," म्हणाला.
त्या वेळी त्याचे हात मांडीवर होते. उजवा हलत होता. त्याने तो डाव्याखाली घेतला. मी पंख्याकडे बघत राहिले.

२३ जाने., गुरु.
सराव. एस.टी. स्टँडवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या धरायच्या, भिंगात मावतील तशा. रोल नाहीच. तरी लोक जमले. एक कंडक्टर ओळखीचा निघाला. "बाई, आता एस.टी.वर मोर्चा काय?"
म्हटलं, उशिरा येणाऱ्या गाड्यांचा पुरावा गोळा करतेय.
"ही वेळेवर आहे हां! अर्नाळ्याची काढा, अर्नाळ्याची!"
द. बाकावर बसून हसत होता. मग जवळ येऊन हळूच, "गाडी पुढे गेल्यावर दाबतेस तू. नि पाय का नाचवतेस? सभा नाहीये."
वाचन बंद आहे. टेबलावर चार पुस्तकं उघडी, पालथी. पंचवीस तारखेला अमुक, एकतीसला तमुक भाषण. तयारी शून्य.

२९ जाने., बुध. कळंब.
बायच्या गच्चीवर. समोर सुरूची झाडं, मग वाळू, मग समुद्र. सकाळचं ऊन पाठीवर येतं, म्हणजे विमानांच्या अंगावर पडेल. द. खूश. मी समुद्रपक्ष्यांवर सराव. पक्षी काही रांगेत उडत नाहीत, हे त्यांचं बरं आहे.
बाय खाली अंगणात सुकट पसरत होती. तिथून, "वैनी, नीट उबी ऱ्हा! भाषनात हलतंस तशी हलतंस!"
"बाय, तुम्ही माझं भाषण ऐकलंत कधी?"
"ऐकाया कशाला पायजे? हितं ऐकू येतं."
मी हसले तर कॅमेराही हसला. द. वैतागला. श्वास धर म्हणाला. धरला, तर हात अधिकच कापायला लागले. सोड म्हणाला. सोडला, तर भिंग खाली. मला रडू यायला लागलं, या वयात, गच्चीवर, एका बगळ्यापायी.
तेव्हा तो म्हणाला, "मोठं वाक्य टाकायच्या आधी तू थांबतेस ना? सगळी सभा गप्प होते. तू अर्धा श्वास सोडलेला असतो, अर्धा आत असतो. हाताचं बोटसुद्धा हलत नाही तुझं. तिथे दाब."
मी म्हटलं, हे तुला कसं माहीत?
"शेवटच्या रांगेतून काय दिसतं मग?"
मला स्वतःला माहीत नव्हतं की मी तशी थांबते.
पुढचे तीन बगळे धरले. तिन्ही वेळेला भिंग स्थिर. बायने खालून विचारलं, "मेली काय वैनी? आवाज नाय."

५ फेब्रु., बुध. कळंब.
पहिला सराव. आले.
आधी आवाज. मला काही कळलं नव्हतं, लाटाच ऐकू येत होत्या. द. डोळे मिटून खुर्चीत बसला होता. एकदम हनुवटी वर केली आणि म्हणाला, "आलं." मग बऱ्याच वेळाने आम्हाला ऐकू आलं. कर्कश, पत्रा फाडावा तसा. त्याला तो गोड वाटतो.
अर्नाळ्याच्या बाजूने पिवळा ठिपका, मागे दोन पांढुरके. जवळ आल्यावर चमत्कारिक दिसलं. पुढचं म्हातारं सरळ, ताठ. मागची दोन्ही जेट नाक वर करून, पंखांच्या झडपा पाडून, आता पडतील की मग अशी. द. ओरडून सांगत होता, हार्वर्ड जीव खाऊन पळतंय आणि ती दोघं जेमतेम तग धरतायत. पुढे जाणं त्यांना सोपं. मागे राहणं शिकवावं लागतं.
दाबलं. किती वेळा ते आठवत नाही.
एक गोष्ट लिहायची आहे. विमानं समोर यायच्या आधी माझ्या बोटांनी चकती फिरवली. हजारावर. त्याला दिसू न देता. हात हलेल, सगळं पुसट येईल, या भीतीने.

६ फेब्रु., गुरु.
रोल न्हाणीघरात धुतला. झरोक्याला काळं रेक्झिन, दाराच्या फटीला जुनी सतरंजी. कागदावर दोन ठसे काढले.
सुरेख आले. तिन्ही विमानं धारदार. चाकं, झडपा, काचेमागचं वैमानिकाचं टोपडं. आणि पुढे पंखा. दोन पाती, सुरीसारखी स्वच्छ, एक वर एक खाली. थांबलेली.
द.ने ठसा बराच वेळ बघितला. "चांगलाय. हात छान राहिलाय तुझा."
हे इतक्या मऊ आवाजात म्हणाला की मला तोंड लपवावंसं वाटलं. ताटावर बसल्यावर पुन्हा, स्वतःशीच, "इंजिन बंद पडलंय गं त्यात."
मी सांगून टाकलं. चकती मी फिरवली.
"माहितीय," म्हणाला. "आमटी वाढ."
ठसा त्याने फाडला नाही. लावलाही नाही कुठे. कॅमेऱ्याच्या पेटीत, तोंड खाली करून.

९ फेब्रु., रवि.
बाजार. भाजी, तांदूळ, त्याच्या गोळ्या. मी आयुष्यभर चार पावलं पुढे चालले. तो मागून पिशव्या घेऊन. आज परतताना उजवा पायही जरा ओढल्यासारखा वाटला. मी मागे राहिले. त्याच्या लक्षात आलं.
"दमलीस?"
"हो."
"बस जरा मग."
चप्पलवाल्याच्या पायरीवर दोघं बसलो. चप्पलवाला म्हणाला, घ्यायचीय का काही? द. म्हणाला, बाईंना हळू चालायची चप्पल दाखवा.

१३ फेब्रु., गुरु.
नायरचा फोन. शेवटचा सराव रविवारी सकाळी. मुंबईतल्या कार्यक्रमाला हार्वर्ड दुसऱ्या वाटेने जाणार, तेव्हा कळंबवरून नाही. म्हणजे रविवार हाच.
आणि रविवारीच तुळिंजची सभा. सकाळी. महिनाभर ठरलेली. मुख्य वक्ता मी.
फिलिपला फोन केला. तासभर पुढे ढकलता येईल का?
"बाई, का?"
खोटं बोलायची सवय नाही. म्हटलं, विमानांचे फोटो काढायचे आहेत.
"आपण विमानांच्या विरोधात सभा घेतोय ना?"
"युद्धाच्या, फिलिप."
"लोकांना एवढा फरक मी मांडवात कसा समजावू?"
"मी समजावेन."
"तुम्ही असाल तर ना!"
शेवटी म्हणाला, आधी दोन स्थानिक वक्ते लांबवतो. पण त्यातले एक गुरुजी आहेत, ते सुरू झाले की थांबत नाहीत, एवढाच आपल्याला आधार.
द. हे सगळं ऐकत होता. संध्याकाळी म्हणाला, "सभेला जा तू. फोटोचं काय एवढं."
काय एवढं, हे मला कळायला हवं होतं. मी रागावले. पण कुणावर, हे ठरेना. युद्ध येतंय. ते माझ्या बोलण्याने थांबणार नाही, न बोलण्यानेही थांबणार नाही, तरी बोलायचं, यावर माझा विश्वास आहे. आणि इथे एक माणूस आहे, त्याला एक पंखा फिरताना हवाय.

१६ फेब्रु., रवि.
सगळं क्रमाने.
सकाळी कळंब. धुरकं. समुद्र आणि आभाळ एकाच रंगाचं. विमानांचा पत्ता नाही. द. खुर्चीत, शाल गुंडाळून, डोळे मिटून. बायने चहा दिला, पोहे दिले, पुन्हा चहा दिला. ऊन चढलं. मांडवात गुरुजी बोलत असतील, बोलून संपत आले असतील.
खाली स्कूटर थांबली. फिलिप. हेल्मेट काखेत, धापा टाकत गच्चीवर.
"बाई, मांडव भरलाय! आणि तुम्ही इथे फायटर विमानांची वाट बघताय?"
"शिकाऊ विमान आहे ते."
"हो ना. आणि मागची दोन काय, रतीब घालायला निघालीत?"
द. डोळे न उघडता म्हणाला, "तीही शिकाऊच."
बाय मागोमाग वर आली. "बस रे फिलिप. पानी पी. येवडा आलास तर बगून जा. फुकट हाय."
फिलिप बसला नाही. कठड्याला टेकून घड्याळ बघत राहिला. मला म्हणाला, लोक विचारतील. म्हटलं, विचारू देत. लोक काय विचारतील याला घाबरून मी कधी बोलले नाही, गप्पही बसले नाही. आवाज चढला माझा. द.ने माझ्या मनगटाला हात लावला. "आत्ता नको. हात गरम होतील."
अजून थोडं थांबलो. फिलिपने हेल्मेट डोक्यावर घातलं, काढलं.
द. म्हणाला, "जा तू. खरंच जा."
मी उठले. हे लिहिताना लाज नाही वाटत, मी उठले होते. कॅमेरा गळ्यातून काढायला हात वर नेला आणि त्याची हनुवटी वर गेली.
"आलं."
फिलिप म्हणाला, कुठे? काही नाही येत.
मी चकती बघितली. एकशेपंचवीस. बोट तिच्यावरून काढून घेतलं, पाठीमागे धरावं तसं.
धुरक्यातून आधी पिवळं. मग दोघं, नाक वर, झडपा पाडून, त्याच्या दोन्ही खांद्यांमागे. आज आधीपेक्षा जवळ, पाण्याला लागून. मी त्यांच्याबरोबर वळले. मांडवात बसलेले लोक, गुरुजी, इराक, सगळं होतं डोक्यात, काही गेलं नव्हतं. आणि मोठ्या वाक्याच्या आधीची ती जागा आली. अर्धा श्वास बाहेर, अर्धा आत. दाबलं. परत दाबलं. ते सुरूच्या शेंड्यांमागे जाईपर्यंत.
मग मागून, खूप वर, दोन लढाऊ जेट आली आणि आभाळ चिरत सरळ निघून गेली. ती कुणासाठी हळू झाली नाहीत. बायने कान झाकले. त्यांच्यावर मी कॅमेरा उचलला नाही. द.नेही उचल म्हटलं नाही.
बाजूला बघितलं तर फिलिप कठड्यावर वाकून, मान तिरपी करून, पिवळं विमान गेलं त्या दिशेला अजून बघत होता. तोंड उघडं.
"फिलिप, सभा," म्हटलं.
"हो हो. चला." मग जिन्यात, "पुढचं ते जुनं ना? मागचे त्याला सांभाळून घेत होते."
कॅमेरा बायच्या हातात टाकला आणि स्कूटरवर बसले. द. मागून रिक्षाने.
तुळिंजला गुरुजी अजून बोलत होते. धन्य ते गुरुजी.
मी काय बोलले, तेवढंच लिहिते. म्हटलं, उशीर झाला कारण मी विमानं बघत होते. कुजबुज. म्हटलं, ती सुंदर असतात. आपण हे कबूल करत नाही, म्हणून हरतो. ती सुंदर असतात, ती बनवणारे, पुसणारे, उडवणारे हात आपल्याच घरातले असतात, आपल्याला जेवू घालतात, आजारी पडतात. म्हणून तर त्या हातांना मारायच्या कामाला लावणाऱ्यांवर माझा राग आहे. हातांवर नाही.
पुढे नेहमीचं. घसा टिकला.
एकजण मधूनच ओरडला, "बाई, मग फोटो दाखवा!" सगळे हसले.
"आला तर दाखवीन," म्हटलं.
दारापाशी शेवटच्या रांगेत द. होता. रिक्षा कधी पोचली कोण जाणे. माझं वाक्य संपल्यावर त्याने टाळी वाजवली नाही, कधीच वाजवत नाही. पण आज दोन्ही हात मांडीवर उघडे होते, एकाखाली एक लपवलेले नव्हते.

१७ फेब्रु., सोम.
कॅमेरा बायकडून आणला. चकती बघितली, पाचशेवर.
बायला फोन केला.
"बाय, कॅमेऱ्याची गोल चकती फिरवली का कुणी?"
"फिरवली असंल. पुसला ना मी. खारं वारं लागतं म्हून. सगल्या चकत्या पुसल्या."
म्हणजे तिने फिरवली. मी बघितलं होतं, एकशेपंचवीस होतं. बघितलंच होतं. पण आधीच्या खेपेला माझ्या बोटांनी काय केलं ते मला ठाऊक आहे, आणि ती बोटं तीच आहेत.
द.ला सांगितलं. म्हणाला, "बाय पुसणारच. आमच्या घरात सगळे पुसतात." आणि रोल कॅमेऱ्यातून काढून डबीत घातला.
आज धुऊया?
"नको. राहू दे जरा."

१९ फेब्रु., बुध.
रोल डबीत. डबी खिडकीच्या कठड्यावर होती, मी उचलून कपाटात ठेवली, ऊन लागेल म्हणून. संध्याकाळी बघते तर त्याने काढून उशाशी ठेवलेली.
नवी गोळी सुरू. तोंड कोरडं पडतं म्हणतो. डॉक्टर म्हणाले, बघू.
फिलिप येऊन गेला. पुढच्या सभेची तारीख ठरवायला, म्हणे. चहा संपला, तारीख ठरली, तरी उठेना. जाताना दारात, "आला का तो?"

२० फेब्रु., गुरु.
धुतला.
दुपारीच. रेक्झिन, सतरंजी, न्हाणीघर ठार काळं. अंधारात रोल उलगडून चक्रीवर चढवायचा असतो, एक कड दुसऱ्या कडेला चिकटता कामा नये. हे काम नेहमी त्याचं. आज म्हणाला, तू कर, मी सांगतो.
मला चक्रीचं तोंडच सापडेना. "डावा अंगठा आत. हां. आता ढकलू नकोस, येऊ दे." घसरला. परत. मग त्याने माझ्या हातांवर त्याचे हात ठेवले. काही दिसत नव्हतं, फक्त ते कळत होते. उजवा हलत होता, माझ्या हातासकट. त्याने थांबवायचा प्रयत्न केला नाही, मीही केला नाही. तसाच चढवला.
अंधारात विचारलं त्याने, "एकशेपंचविसावरच होतं ना?"
"हो."
"मग होतं."
पुढचं सगळं त्याने तोंडी सांगितलं, मी केलं. पाणी, औषध, हलवणं, पुन्हा पाणी. सतरंजी काढली, उजेड आला. ओली पट्टी हॉलमध्ये दोरीला लावली, खाली कपड्याचा चिमटा. चौकटी आहेत. भरलेल्या आहेत. तीन ठिपके दिसतात, एक पुढे, दोन मागे. नेगेटिव्हमध्ये पिवळं आणि पांढरं सारखंच काळं. नाकावरचा पंखा फिरतोय की थांबलाय, एवढं बारीक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंग लावायला लागेल. भिंग टेबलावर, माझ्या पुस्तकांशेजारी आहे.
मी भिंग आणायला उठले.
"वाळू दे आधी," म्हणाला. "पंखा बंद कर. धूळ बसेल."
छताचा पंखा बंद केला. बटणापाशीच उभी राहिले. तो खुर्चीत, मान वर करून. पाती अजून दिसत नव्हती, नुसतं फिरणं होतं, आणि ते हळूहळू जड होत होतं. आम्ही दोघं वर बघत होतो. पट्टी दोरीवर किंचित हलत होती.
"परत लाव," म्हणाला एकदम. "बसू दे धूळ."
लावला.